तपासणी नाक्यावर हवी की फाटकावर?

जुईनगरच्या कडेने जाणाऱ्या सायन-पनवेल महामार्गावर रात्री दहानंतर थोडा वेळ उभे राहिले, की नवी मुंबईचे निराळेच रूप दिसते. दिवसभर कार्यालयात ये-जा करणाऱ्यांच्या मोटारींनी गजबजलेला हा रस्ता रात्री अवजड वाहनांच्या ताब्यात जातो. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माल उतरवून परतणारे ट्रक, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचा माल वाहणारी वाहने, उरण फाट्याकडून न्हावा-शेवा बंदराकडे वळणारे कंटेनर आणि कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे निघालेले ट्रेलर यांची रांग पहाटेपर्यंत तुटत नाही. त्याच रस्त्यावर रात्रपाळी संपवून दुचाकीने घरी निघालेला कामगार असतो आणि शेवटची लोकल चुकलेल्यांना घेऊन चाललेला रिक्षावालाही असतो. चाळीस टन वजनाच्या वाहनाचे चाक ज्याच्या हाती आहे तो माणूस शुद्धीत आहे, हे या सर्वांनी गृहीत धरलेले असते. या गृहीतकाची खातरजमा कोण करतो आणि केव्हा करतो, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

याच जुईनगरातून हार्बर आणि ट्रान्स-हार्बर मार्गांच्या लोकल धावतात. त्या चालविणाऱ्या मोटरमनला कामावर रुजू होताना श्वासतपासणी यंत्रात फुंकर मारावी लागते. यंत्राने मद्याचा अंश दाखविला तर गाडी त्याच्या हाती दिली जात नाही. विमानाच्या वैमानिकाचीही अशीच तपासणी होते. रुळावर आणि आकाशात तपासणी आधी होते आणि प्रवास नंतर सुरू होतो. रस्त्यावर हा क्रम उलटा आहे. तेथे वाहन आधी निघते आणि झालीच तर तपासणी नंतर होते. ट्रकचालकांच्या मद्य व अमली पदार्थ चाचणीविषयीच्या आपल्या नियमांचे सारे बळ आणि सारी उणीव या एका फरकात सामावलेली आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८५ हे या विषयाचे मूळ होय. चालकाच्या शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला तर तो गुन्हा ठरतो. पूर्वी या कलमात केवळ श्वासतपासणी यंत्राचा उल्लेख होता. २०१९ च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेतील चाचणीसह अन्य चाचण्यांनाही त्यात स्थान दिले. शिक्षाही वाढली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजार रुपयांपर्यंतच होता.

तपासणीची पद्धत कलम २०३ मध्ये आहे. गणवेशातील पोलिस अधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेला मोटार वाहन विभागाचा अधिकारी चालकाला श्वासाचा नमुना देण्यास सांगू शकतो. मात्र त्यासाठी चालकाने मद्यपान केल्याचा संशय घेण्यास वाजवी कारण असावे लागते. अपघात झाला असेल तर अपघातस्थळी किंवा रुग्णालयातही असा नमुना मागता येतो. रुग्णालयात असताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हरकत घेतल्यास मात्र तो घेता येत नाही. यंत्राने मद्यार्क दाखविला, किंवा संशयास कारण असताना चालकाने फुंकर मारण्यास नकार दिला, तर वॉरंटशिवाय अटक करता येते. त्यानंतर पोलिस ठाण्यात नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून रक्ताचा नमुना घेण्याची तरतूद कलम २०४ मध्ये आहे. कलम १८५ खाली अटक झालेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर तिला सोडून द्यावे लागते, असे कलम २०२ सांगते.

'नमुनाच दिला नाही तर पुरावा कोठून येणार?' असा एक समज चालकांत आढळतो. तो चुकीचा आहे. योग्य कारणाविना दिलेला नकार हा फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला बळकटी देणारी परिस्थिती मानता येतो, असे कलम २०५ स्पष्ट करते.

परवान्याचा प्रश्न वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना दिलेल्या निर्देशांनुसार, मद्यपान करून वाहन चालविणाऱ्याचा परवाना किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करावयाचा असतो. ज्याचे पोटच परवान्यावर आहे, त्या ट्रकचालकाला दंडापेक्षा हा फटका अधिक बसतो.

तीस मिलिग्रॅमचे गणित

फुंकर मारल्यावर रक्तातील मद्य कसे कळते? रक्त फुप्फुसांतून वाहताना त्यातील मद्यार्काचा काही अंश श्वासातील हवेत उतरतो. हे प्रमाण साधारणपणे ठरलेले असते. सुमारे २१०० मिलिलिटर श्वासात जितका मद्यार्क, तितकाच एक मिलिलिटर रक्तात, असे गृहीत धरून यंत्र आकडा दाखविते. यंत्रातील विद्युत-रासायनिक घटकावर मद्यार्काचे ज्वलन होते आणि त्यातून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजला जातो. तोंडात नुकतेच घेतलेले मद्यार्कयुक्त औषध किंवा गुळणीचे द्रावण शिल्लक असेल, तर काही मिनिटे आकडा फुगू शकतो. म्हणून पाणी पिऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी मागणे हे प्रामाणिक चालकाच्या हिताचे असते.

याहून महत्त्वाचे गणित वेळेचे आहे. शरीर मद्यार्काचा निचरा ताशी साधारण पंधरा मिलिग्रॅम प्रति शंभर मिलिलिटर या वेगाने करते. काहींच्या बाबतीत तो दहाच्या, तर काहींच्या बाबतीत विसाच्या आसपास असतो. मध्यरात्री एखाद्या चालकाच्या रक्तात दीडशे मिलिग्रॅम मद्यार्क असेल, तर सहा तासांच्या झोपेनंतरही सुमारे साठ मिलिग्रॅम उरतो. म्हणजे सकाळी सहा वाजता, तोंड धुऊन व चहा घेऊन 'ताजातवाना' झालेला हा चालक कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट मद्य रक्तात घेऊन निघतो. लिंबूपाणी, कडक चहा, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. 'रात्रीची सकाळी उतरते' हा ढाब्याढाब्यावर ऐकू येणारा सिद्धान्त शरीरशास्त्राला मान्य नाही. पोलिसांची नाकाबंदी मात्र बहुतेक वेळा रात्रीची असते.

बाटलीचा प्रवास

श्वासाच्या आकड्यापेक्षा रक्ताचा अहवाल न्यायालयात अधिक वजनदार ठरतो. पण त्याचे वजन, ते रक्त कोणी, कसे घेतले आणि प्रयोगशाळेपर्यंत ते कोणाच्या ताब्यात होते, यावर अवलंबून असते. महाराष्ट्राला हा धडा फार पूर्वीच मिळालेला आहे. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ अन्वये रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये पन्नास मिलिग्रॅम वा त्याहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो औषधातून किंवा तत्सम मुभा असलेल्या पदार्थातून आला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. वाहन चालविण्यासाठीची तीस मिलिग्रॅमची मर्यादा आणि हा आकडा यांत अनेकांचा गोंधळ होतो. हे दोन कायदे आणि दोन गुन्हे वेगवेगळे आहेत.

या कायद्याखाली १९५९ मध्ये वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणीचे नियम झाले. रक्त काढताना कोठेही मद्यार्काचा स्पर्श होऊ नये, म्हणजे त्वचा पुसण्यासाठीही स्पिरिट वापरू नये, शिरेतून किमान पाच घनसेंटिमीटर रक्त घ्यावे, ते गोठू व नासू नये म्हणून बाटलीत योग्य द्रव्ये असावीत, बाटली मोहोरबंद करावी आणि सात दिवसांच्या आत चाचणी अधिकाऱ्याकडे पाठवावी, अशा बारीकसारीक गोष्टी त्यात आहेत. वाहनचालकाच्या अपघातातून उद्भवलेल्या 'उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये या चाचणीचा ऊहापोह केला. ठरलेल्या कार्यपद्धतीबाहेर घेतलेले रक्त पुरावा म्हणून बाद होत नाही, पण कायद्याने दिलेल्या विशेष गृहीतकाचा लाभ त्याला मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

पुढील काळातील दोन घटनांनी हाच मुद्दा अधोरेखित केला. वांद्र्यातील २००२ च्या अपघाताच्या खटल्यात १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अभिनेता सलमान खान यांची निर्दोष मुक्तता करताना रक्ताच्या नमुन्याविषयीच्या पुराव्यावर शंका व्यक्त केली. पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी झालेल्या अपघातानंतर तर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. ही दोन्ही प्रकरणे मोटारींची आहेत, ट्रकची नव्हेत. तथापि नियम सर्वांना एकच आहे. नमुन्याची साखळी तुटली, तर दोषी सुटू शकतो आणि निर्दोष अडकू शकतो. ज्या चालकापाशी वकील करण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी मोहोरबंद बाटली हेच संरक्षण असते.

अमली पदार्थांची अवघड बाजू

मद्याच्या बाबतीत निदान एक आकडा तरी आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत तोही नाही. वाहनावर योग्य नियंत्रण ठेवता येणार नाही इतपत अमली द्रव्याच्या अमलाखाली असणे, अशी कलम १८५ ची शब्दयोजना आहे. हे 'इतपत' सिद्ध करायचे कसे? फुंकरीच्या यंत्राला गांजा किंवा अफू कळत नाही. त्यासाठी लाळ, मूत्र किंवा रक्ताची चाचणी लागते. त्यातही गांजाचे अवशेष मूत्रात कित्येक दिवस सापडू शकतात. त्यामुळे पूर्वी केव्हातरी सेवन केलेला आणि या क्षणी अमलाखाली असलेला, या दोघांतील भेद मूत्रचाचणी करू शकत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २००४ च्या अखेरीस रस्त्यावरच लाळेची चाचणी सुरू केली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. लाळेतून अलीकडच्या काही तासांतील सेवनाचा अंदाज येतो.

आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ नुसार सेवन हाही स्वतंत्र गुन्हा आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी व्यक्तीला ठरावीक अटींवर खटल्यापासून संरक्षण दिलेले आहे. याची माहिती चालकांपर्यंत क्वचितच पोहोचते.

आकडा कडक, व्यवस्था सैल

येथे अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथे अवजड व्यापारी वाहनाच्या चालकासाठी मद्यार्काची मर्यादा ०.०४ टक्के आहे. म्हणजे आपल्या तीस मिलिग्रॅमपेक्षा ती सैल, चाळीस मिलिग्रॅमची आहे. तरीही तेथील व्यवस्था आपल्याहून कडक मानली जाते, कारण १९९१ च्या कायद्याने तेथे चाचणीची जबाबदारी मालकावर टाकली. अमली पदार्थांची चाचणी नोकरीवर घेण्यापूर्वीच होते. मद्य आणि अमली पदार्थ या दोहोंची चाचणी वर्षभरात केव्हाही पूर्वसूचनेविना, गंभीर अपघातानंतर, संशय आल्यास आणि दोषी ठरलेला चालक कामावर परतण्यापूर्वी, अशी टप्प्याटप्प्याने होते. अपघातानंतर मद्याची चाचणी आठ तासांच्या आत आणि अमली पदार्थांची बत्तीस तासांच्या आत व्हावी लागते. नकार हा दोषी ठरण्यासारखाच मानला जातो. जानेवारी २०२० पासून या उल्लंघनांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. त्यामुळे एका मालकाकडे पकडला गेलेला चालक ती गोष्ट लपवून दुसऱ्याकडे रुजू होऊ शकत नाही.

दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, स्वतःचाच एक ट्रक चालविणाऱ्यालाही तेथे सूट नाही. त्याला अनेक छोट्या मालकांच्या सामाईक चाचणी गटात सामील व्हावे लागते. दोन, दोषी ठरलेल्या चालकाला कायमचे हाकलून दिले जात नाही. तज्ज्ञाकडून तपासणी, सांगितलेले उपचार, परतीची चाचणी आणि पुढील बारा महिन्यांत किमान सहा अचानक चाचण्या, असा परतीचा रस्ता नियमांतच आखून दिला आहे.

भारतातही असे घडणे अशक्य नाही, हे विमान वाहतुकीने दाखविले आहे. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांची अमली पदार्थांसाठी अचानक चाचणी करण्याचे नियम ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. ट्रकचालकासाठी मात्र कामावर निघण्यापूर्वीच्या चाचणीची सक्ती मोटार वाहन कायद्यात नाही.

मालक कोठे आहे?

याचा अर्थ मालक अगदीच मोकळा आहे, असे नाही. मद्यपान करून वाहन चालविण्यास चिथावणी किंवा साहाय्य देणाऱ्यालाही चालकाइतकीच शिक्षा कलम १८८ मध्ये सांगितली आहे. चालक झिंगलेला आहे हे दिसत असताना 'माल वेळेत पोहोचला पाहिजे' म्हणून त्याच्या हाती किल्ली देणाऱ्याने हे कलम एकदा वाचावे. विम्याची बाजू तर अधिक झोंबणारी आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार, चालक मद्य किंवा अमली द्रव्याच्या अमलाखाली असणे हे विमा कंपनीला बचावासाठी उपलब्ध असलेले एक कारण आहे. वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मधील एका निकालात आणखी पुढे जाऊन सांगितले, की श्वास वा रक्ताची चाचणी झालेली नसली, तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून चालक नशेत होता हे विमा कंपनी सिद्ध करू शकते. कर्ज काढून घेतलेला ट्रक भंगारात आणि विम्याचा दावा फेटाळलेला, ही अवस्था टाळण्यासाठी फाटकावरचे काही हजार रुपयांचे यंत्र महाग म्हणता येणार नाही.

राज्यकर्त्यांनी आणि न्यायालयांनी इतर वाटाही चोखाळून पाहिल्या आहेत. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला. पुढे लहान वस्त्यांसाठी हे अंतर २२० मीटर झाले आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिका-महापालिका हद्दीतील परवानाधारक दुकानांना हा आदेश बाधक नसल्याचे स्पष्ट झाले. जुईनगर महापालिका हद्दीत येते. तेव्हा दुकान दूर नेऊन चालक शुद्धीत राहील, ही आशा आपल्या भागात तरी फारशी उपयोगाची नाही.

अपघातानंतर कठोर शिक्षा, ही दुसरी वाट. भारतीय न्याय संहितेतील, अपघात करून पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणाऱ्या कलमाविरुद्ध जानेवारी २०२४ च्या प्रारंभी देशभर ट्रकचालकांनी संप केला. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा कलम १०६ चे ते पोटकलम वगळून लागू झाली. जमावाच्या मारहाणीच्या भीतीने आम्ही पळतो, हे चालकांचे म्हणणे खोटे नाही. पण पळून गेलेल्या चालकाच्या रक्तातील मद्यार्क दर तासाला पंधरा मिलिग्रॅमने पुरावा पुसत जातो, हेही तितकेच खरे. जो चालक निघतानाच शुद्धीत असल्याची नोंद फाटकावर झालेली आहे, त्याला थांबण्याचे धैर्य अधिक येईल.

आकडेवारीनेही या संदर्भात चकवा दिला आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी मद्य वा अमली पदार्थ हे कारण नोंदलेल्या मृत्यूंचा वाटा तीन टक्क्यांहून कमी आहे. ज्या अपघातात चाचणीच झाली नाही, त्याची नोंद अतिवेग किंवा निष्काळजीपणा या रकान्यात जाते. मोजले नाही ते कागदावर नसते, इतकाच त्या लहान आकड्याचा अर्थ असू शकतो.

झोप हरवलेला माणूस

चाचणीचा आग्रह धरताना चालकाच्या बाजूने विचार केला नाही, तर हा सारा खटाटोप त्याला आणखी एक जाच वाटेल. फेरीमागे पैसे मिळत असतील, तर झोप ही त्याच्या दृष्टीने बुडीत मजुरी ठरते. बंदराबाहेर किंवा बाजाराच्या फाटकाबाहेर तासन्‌तास रांगेत काढायचे आणि माल भरताच वेळेत पोहोचण्यासाठी रात्रभर गाडी हाकायची, अशा चक्रात झोप उडविण्यासाठी एक पदार्थ आणि मग झोप येण्यासाठी दुसरा, अशी सवय जडते. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. परंतु मुळात तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. एक-दोन ट्रक बाळगणारा मालक आणि त्याचा चालक त्या छत्राबाहेरच राहिले. चालकाच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करणारा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्याने तयार होणाऱ्या ट्रकना लागू झाला, हे स्वागतार्ह आहे. पण थंड केबिन ही झोपेची जागा घेऊ शकत नाही.

म्हणूनच फाटकावरील चाचणीला दोन गोष्टींची जोड हवी. यंत्राने आकडा दाखविला, तर त्या दिवशी किल्ली मिळणार नाही, पण पहिल्याच वेळी नोकरीही जाणार नाही, हे मालकाने लेखी सांगितले पाहिजे. अन्यथा चालक यंत्र चुकविण्याच्या वाटा शोधील, क्लीनरला पुढे करील किंवा फाटकाबाहेर पडल्यावर पिईल. दुसरी गोष्ट उपचारांची. डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने व्यसन हा आजार आहे आणि तो आटोक्यात येतो, हे महाराष्ट्राला पटवून दिले. केंद्र सरकारची १४४४६ ही विनाशुल्क मदतवाहिनीही आहे. हा क्रमांक ट्रकच्या मागील बाजूस रंगविण्याऐवजी केबिनच्या आत, चालकाच्या डोळ्यांसमोर लिहिलेला बरा.

तुर्भ्याचा बाजार, कळंबोलीचे वाहनतळ, बंदराची प्रवेशद्वारे अशा मोजक्या ठिकाणांहून या परिसरातील अवजड वाहतुकीचा मोठा भाग बाहेर पडतो. छोट्या मालकांनी प्रत्येकी यंत्र घेण्याची गरज नाही. त्यांच्या संघटनांनी अशा ठिकाणी सामाईक तपासणी कक्ष उभारला, फुंकरीची नोंद वाहन क्रमांकासह ठेवली आणि माल देणाऱ्या कंपन्यांनी त्या नोंदीशिवाय माल न भरण्याचा नियम केला, तर नवा कायदा होण्याचीही वाट पाहावी लागणार नाही. नाकाबंदी चालूच राहावी. परंतु नाक्यावर पकडला गेलेला चालक तेथवरचे काही किलोमीटर आपल्या शेजारूनच आलेला असतो. जुईनगरच्या रस्त्यावर रात्री दुचाकीने घरी निघालेल्या माणसाला त्या किलोमीटरांपासून वाचवायचे असेल, तर फुंकर फाटकाच्या आतच मारली गेली पाहिजे.